रेडिओ रूममध्ये संदेश तुंबतात तेव्हा: नौदलातली रांग आणि अग्रक्रम

लघुलहर (धागाकर्ता)

नौदलाच्या इतिहासावर वाचताना तोफा, पाणतीर, पाणबुड्या यांच्याबद्दल भरपूर सापडतं. आदेश एका जहाजावरून दुसऱ्यावर पोचायला किती वेळ लागला, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं. मला त्या ओळीतच जास्त रस आहे. संदेश लिहून झाला, अधिकाऱ्याची सही झाली, कागद रेडिओ रूममध्ये पोचला आणि तिथेच पडून राहिला. तो का पडून राहतो आणि साठलेला ढीग कसा उपसतात, यावर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे.

आधी अग्रक्रमाबद्दल, कारण पुढची सगळी चर्चा त्याभोवतीच फिरणार. नाटो आणि तिच्या पद्धतीने चालणाऱ्या नौदलांत चार पायऱ्या आहेत: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रुटीन. फ्लॅश शक्यतो दहा मिनिटांच्या आत गेला पाहिजे, इमिजिएट अर्ध्या ते एका तासात, प्रायॉरिटी एक ते सहा तासांत, आणि रुटीन दुसऱ्या दिवशीचं कामकाज सुरू होईपर्यंत गेला तरी चालतं. दुसऱ्या महायुद्धात नावं वेगळी होती. ब्रिटिशांकडे मोस्ट इमिजिएट, अमेरिकनांकडे अर्जंट आणि ऑपरेशनल प्रायॉरिटी. कल्पना तीच.

आता थोडा हिशोब. टेलिप्रिंटरची वाहिनी मिनिटाला १०० शब्द पाठवते. शीर्षकासकट ३०० शब्दांचा संदेश धरला तर त्याला तीन मिनिटं लागतात. म्हणजे तासाला २० संदेश, आणि चोवीस तास न थांबता चालली तर दिवसाला ४८०. समजा, तासाला १६ संदेश येताहेत. सगळं सुरळीत आहे, ऑपरेटरला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत मिळते. मग आयनांबर (लघुलहरी परावर्तित करणारा वातावरणाचा वरचा थर) बिघडलं आणि वाहिनी सहा तास बंद पडली. ९६ संदेश साठले. वाहिनी परत सुरू झाली तरी नवे १६ येतच आहेत, त्यामुळे जुन्या ढिगासाठी तासाला फक्त चार जागा उरतात. ढीग संपायला २४ तास.

तेच येणारे संदेश तासाला १६ ऐवजी १८ असतील तर? साठलेले १०८, मोकळ्या जागा दोन. ५४ तास! आवक तासाला फक्त दोन संदेशांनी वाढली आणि सहा तासांच्या खंडाची किंमत एका दिवसावरून सव्वादोन दिवसांवर गेली.

माझं म्हणणं याच हिशोबातून आलं आहे. अग्रक्रमाचा शिक्का रांगेतला क्रम बदलतो, रांग कमी करत नाही. तुमचा संदेश पुढे सरकला म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी मागे गेला. आणि सगळ्यांनीच वरचा शिक्का मारायला सुरुवात केली की क्रमही उरत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधली लेते आखाताची लढाई. अमेरिकेची दोन आरमारं तिथे होती: किंकेड यांचं सातवं आरमार मॅकआर्थर यांच्या हाताखाली होतं आणि हॉल्सी यांचं तिसरं आरमार निमित्झ यांच्या. दोघांमध्ये थेट वाहिनी नव्हती, संदेश मानुस बेटावरच्या केंद्रातून फिरून जायचे. पहाटे ४:१२ ला किंकेड यांनी विचारलं की टास्क फोर्स ३४ (हॉल्सी यांच्या युद्धनौकांचा गट) सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी राखतंय ना. हा प्रश्न हॉल्सी यांच्या हातात पडला ६:४८ ला. नकारार्थी उत्तर निघालं सात वाजून गेल्यावर, आणि तोवर कुरिता यांच्या जपानी ताफ्याने समारजवळच्या छोट्या विमानवाहू नौकांवर तोफा डागायला सुरुवात केली होती. किंकेड यांनी ७:०७ ला सांकेतिक लिपीत न घालता, सरळ उघड्या भाषेत पाठवलेला मदतीचा संदेशसुद्धा ८:२२ ला पोचला. मानुसवर तातडीच्या संदेशांची चळत लागली होती आणि ते निघाल्या क्रमाने पुढे जातही नव्हते. ढिगातला प्रत्येक कागद तातडीचा असेल तर ऑपरेटरने कशाच्या आधारावर निवडायचं?

---

अनुस्वार

हिशोब आवडला. एक प्राथमिक शंका आहे. तासाला २० संदेशांची वाहिनी अपुरी पडते तर दुसरी वाहिनी का उघडत नाहीत? आणि जहाजं रेडिओ मौन पाळतात तेव्हा त्यांना संदेश कसे मिळतात? पोच दिली नाही तर पाठवणाऱ्याला कळणार कसं की संदेश पोचला?

---

दर्यावर्दी

संदेश-केंद्रात काम केलं आहे, म्हणून अनुस्वार यांच्या प्रश्नांपासून सुरू करतो.

दुसरी वाहिनी म्हणजे दुसरी फ्रीक्वेन्सी, दुसरा ट्रान्समीटर, दुसरी सांकेतिक यंत्रणा आणि चार पाळ्यांत बसणारी दुसरी माणसं. किनाऱ्यावर हे जमवता येतं. जहाजावर अँटेनांना जागा किती, हे जहाज बांधलं तेव्हाच ठरून गेलेलं असतं. त्यातून उच्च फ्रीक्वेन्सीवर दिवसा वरचे आकडे चालतात आणि रात्री खालचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांना एकदमच बदलावं लागतं. नेमक्या त्याच वेळी ढीग वाढतो.

मौनाबद्दल: यासाठीच फ्लीट ब्रॉडकास्ट असतं. किनाऱ्यावरचं केंद्र सगळ्या जहाजांचे संदेश एकामागून एक प्रसारित करत राहतं, प्रत्येकाला ओळीने क्रमांक असतो. जहाज फक्त ऐकतं. स्वतःच्या नावाचे संदेश उतरवून घेतं, बाकीचे सोडून देतं. पोच द्यायची नसते, म्हणून शत्रूला दिशा काढायला काहीच मिळत नाही. एखादा क्रमांक चुकला, म्हणजे ४१२ नंतर एकदम ४१४ आला, तर ऑपरेटरला कळतं की मधलं काहीतरी निसटलं. तो आपलं होतं का, हे मात्र कळत नाही. मौन सुटल्यावर, किंवा दुसऱ्या जहाजामार्फत, तो क्रमांक परत मागायचा.

आता धाग्याच्या मुख्य मुद्द्याकडे. लघुलहर यांच्या हिशोबात मी एक भर घालेन. ढीग साठला की नवी आवक १६ वर थांबत नाही, ती आपोआप वाढते. सकाळी संदेश पाठवलेला अधिकारी दुपारी विचारतो, "मिळाला का?" हा झाला आणखी एक संदेश. उत्तर आलं नाही की तो मूळ संदेश दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवतो. आता तेच दोनदा रांगेत. दोन्ही पोचले तर पलीकडचा ऑपरेटर दोन्हींची नोंद करतो, दोन्ही फोडतो (सांकेतिक लिपीतून सोडवतो) आणि मग त्याला कळतं की हे एकच आहे. निसटलेले क्रमांक परत मागणाऱ्या सेवा-संदेशांचं तेच. वाहिनी खराब असते तेव्हाच क्रमांक जास्त निसटतात, आणि तेव्हाच पुन्हा पाठवायला जागा नसते. पाळीवर बसलेल्या माणसाला ही वाढ डोळ्यांसमोर दिसत असते. वरच्या मजल्यावर बसलेल्याला फक्त स्वतःचा एक संदेश दिसतो.

---

गणिती

दोघांच्या मुद्द्यांना रांगांच्या शास्त्रात पक्का आधार आहे, तो थोडक्यात मांडते.

संदेश ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी तीन एकदम येतात, कधी अर्धा तास काहीच नाही. असं असताना वाहिनी किती टक्के भरलेली आहे त्यावर विलंब अवलंबून असतो, पण तो सरळ रेषेत वाढत नाही. साध्यात साध्या प्रारूपात, ८० टक्के भार असेल तर एका संदेशाला सरासरी लागणारा एकूण वेळ हा नुसत्या प्रक्षेपणाच्या वेळेच्या पाचपट होतो. ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे तीन मिनिटांच्या संदेशाला सरासरी एक तास, आणि हे वाहिनी एकदाही बंद न पडता. त्यामुळे कागदावर "वाहिनी ९५ टक्के वापरात" हे वाचून खूश होणारा माणूस संदेशवहनाच्या दृष्टीने धोक्याची घंटा ऐकत नसतो.

अग्रक्रमाबद्दलही सिद्ध झालेली गोष्ट आहे. संदेशांची लांबी सारखीच असेल आणि वाहिनी रिकामी बसू दिली नाही, तर क्रम कसाही लावा, सगळ्यांची मिळून सरासरी प्रतीक्षा बदलत नाही. वरच्यांना जेवढा वेळ वाचवून दिला तेवढा खालच्यांकडून घेतलेला असतो. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत पीएचडी केली ती संदेश साठवून पुढे पाठवणाऱ्या जाळ्यांतल्या विलंबावरच. त्यांनी हे नियम नीट मांडले. पुढे संगणकांच्या जाळ्यांना त्याचा उपयोग झाला, पण मूळ प्रश्न तारेचा आणि बिनतारीचा आहे.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. लांबी वेगवेगळी असेल तर छोटे संदेश आधी सोडल्याने सरासरी प्रतीक्षा खरोखर कमी होते. म्हणजे वीस शब्दांत लिहिणाऱ्याला बक्षीस देणारी पद्धत गणितातही बसते.

---

तळटीप

शिक्क्याचा आणखी एक दुष्परिणाम आहे. शिक्का स्वतःच बोलतो. मजकुरात नसलेलं काहीतरी तो सांगून जातो.

जुलै १९४२, पीक्यू १७. आर्क्टिकमधून रशियाकडे चाललेला काफिला. ४ जुलैच्या रात्री ॲडमिरल्टीने (ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने) पंचवीस मिनिटांत तीन संदेश पाठवले. ९:११ ला मोस्ट इमिजिएट: क्रूझरांनी वेगाने पश्चिमेला मागे यावं. ९:२३ ला इमिजिएट: काफिल्याने रांगा मोडून रशियन बंदरांकडे निघावं. ९:३६ ला पुन्हा मोस्ट इमिजिएट: काफिल्याने चहूदिशांना विखरून जावं.

तिसरा संदेश मुळात दुसऱ्यातली आज्ञा नेमकी करण्यासाठी होता, कारण नुसत्या रांगा मोडल्या असत्या तर जहाजं एकाच दिशेने घोळक्यात गेली असती. पण समुद्रावर बसलेल्याने काय वाचलं? एकामागून एक तीन आज्ञा, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक, आणि माथ्यावर सगळ्यात वरचा शिक्का. त्यांनी एकच अर्थ काढला: जर्मन युद्धनौका टिर्पिट्झ क्षितिजावर आली आहे. संरक्षक विनाशिका क्रूझरांबरोबर झुंजायला निघून गेल्या. टिर्पिट्झ त्या वेळी नॉर्वेतल्या बंदरात होती. काफिल्यातली एकूण २४ जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी बुडवली, त्यातली बहुतेक काफिला विखुरल्यावर.

निर्णयच चुकीचा होता हे मान्य, संदेशवहनाने तो घेतला नव्हता. तरीही "धोक्याचा अंदाज आहे, जहाजं अजून दिसलेली नाहीत" एवढं एक वाक्य त्या तीनपैकी एका संदेशात असतं तर विनाशिका परत फिरल्या असत्या, असं मला ठामपणे वाटतं. घाईत लिहिणारा शब्द वाचवतो आणि नेमका तोच शब्द गाळतो.

---

मेघमल्हार

नौदलाचं नाही, पण तुंबलेल्या संदेशांबद्दल बोलताना टायटॅनिक टाळता येत नाही.

जहाजावरचा बिनतारी संच आदल्या दिवशी बिघडला होता. फिलिप्स आणि ब्राइड या ऑपरेटरांनी तो रात्री जागून दुरुस्त केला, पण तोवर प्रवाशांचे खासगी संदेश साठून राहिले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फिलिप्स केप रेसच्या केंद्राकडे तो ढीग उपसत होते. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजाच्या ऑपरेटरने मध्येच कळवलं की आम्ही थांबलो आहोत, चहूकडे बर्फ आहे. फिलिप्स यांनी त्याला गप्प केलं, मी केप रेसशी बोलतोय म्हणून. त्याने थोड्या वेळाने संच बंद केला आणि तो झोपायला गेला.

मला फिलिप्स यांना दोष द्यावासा वाटत नाही. दिवसभराचा थकवा, समोर पैसे भरलेल्या ग्राहकांचे संदेश, आणि कंपनीची नोकरी. बर्फाच्या सूचनेला जहाजाच्या सुरक्षेचा शिक्का लावून ती थेट ब्रिजवर गेलीच पाहिजे, अशी सक्तीची व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

---

लघुलहर

मेघमल्हार, अगदी योग्य उदाहरण. रांगेत काय आहे यापेक्षा रांगेबाहेरून काय येतंय हे ऐकायला जागा ठेवावी लागते, हे जगाने त्यानंतर नियमांत आणलं. ५०० किलोहर्ट्झ या आपत्कालीन फ्रीक्वेन्सीवर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत सगळ्यांनी प्रक्षेपण थांबवून फक्त ऐकायचं. रेडिओ रूममधल्या घड्याळांवर ते तीन-तीन मिनिटांचे पट्टे लाल रंगाने रंगवलेले असत. ढीग कितीही असो, ती सहा मिनिटं त्याला मिळत नसत. वाहिनीचा दहावा हिस्सा मुद्दाम शांत ठेवायचा, केवळ एखादा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून! बिनतारीच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा नियम आहे असं मी मानतो.

गणिती, लांबीचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्यावर पुढे बोलू.

---

खलाशी_१

सॉलोमन बेटांमधल्या सावो बेटाच्या लढाईबद्दल असं वाचलं होतं की ऑस्ट्रेलियन वैमानिकाला जपानी क्रूझर दिसल्या पण त्याने तळावर परतून चहा घेतल्यावर खबर दिली, म्हणून उशीर झाला. हे खरं आहे का? की तिथेही संदेशच अडकला होता?

---

तळटीप

चहाची गोष्ट खोटी आहे आणि ती त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. ८ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी हडसन विमानाने जपानी ॲडमिरल मिकावा यांचा ताफा पाहिला आणि हवेतूनच रेडिओवर कळवायचा प्रयत्न केला. मिल्न बेच्या तळाकडून पोच मिळाली नाही. तिथे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यामुळे रेडिओ बंद होता. पुढच्या काळात जपानी कागदपत्रांतून दिसलं की मिकावा यांच्या जहाजावर मात्र ते प्रक्षेपण ऐकू आलं होतं.

विमान उतरल्यावर अहवाल दिला गेला आणि मग तो एकेका मुख्यालयातून पुढे सरकत राहिला. ग्वाडलकॅनालजवळच्या अमेरिकी ॲडमिरल टर्नर यांच्यापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली, म्हणजे पाहिल्यापासून आठ तासांच्या आसपास. त्यात जहाजांची ओळखही चुकलेली होती, दोन सीप्लेन टेंडर (समुद्रविमानांची देखभाल करणारी जहाजं) असा उल्लेख होता. त्यावरून टर्नर यांनी रात्री हल्ला होणार नाही असा निष्कर्ष काढला. त्या रात्री दोस्तांच्या चार जड क्रूझर गेल्या.

इथे एका ठिकाणी मोठा ढीग नव्हता. प्रत्येक टप्प्यावर थोडी रांग, थोडी नोंद, थोडं फोडणं आणि पुन्हा बांधणं. प्रत्येक टप्प्याला आपण फार वेळ लावला असं वाटलं नसेल. बेरीज आठ तास.

---

दर्यावर्दी

तळटीप यांनी बेरजेची गोष्ट काढली ती लाखमोलाची. ८ जून १९६७ ला लिबर्टी या अमेरिकी जहाजाच्या बाबतीत असंच झालं. जहाजाने किनाऱ्यापासून १०० सागरी मैल दूर राहावं, असा आदेश निघाला. त्यावरचा दिनांक-वेळ गट (यावरूनच संदेश ओळखतात) होता ०८०११० झुलू, म्हणजे ८ तारखेला ग्रीनिच वेळेने रात्री १:१०. अग्रक्रम इमिजिएट, म्हणजे तासाभरात पोचायला हवा. हल्ला झाला बारा झुलूच्या सुमारास. तोवर तो जहाजाच्या हातात पडला नव्हता. चुकीच्या वाटेने तो फिलिपिन्समधल्या केंद्राकडे गेला होता. जहाज भूमध्य समुद्रात! दूर राहण्याबद्दलचे आणखीही संदेश निघाले होते, त्यातला एकही वेळेत पोचला नाही. अरब-इस्रायल युद्ध चालू असल्याने त्याच दर्जाचे आणि वरचे संदेश प्रत्येक केंद्रावर रांगेत होते. ३४ माणसं गेली. पुढे अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने हे प्रकरण, आणि १९६८ मध्ये उत्तर कोरियाने पकडलेल्या प्वेब्लो या जहाजाचं प्रकरणही, संदेशवहनाच्या अंगाने तपासलं.

आता ढीग प्रत्यक्षात उपसतात कसा, ते सांगतो. नवीन माणूस वरून कागद उचलून पाठवायला लागतो. अनुभवी माणूस आधी सगळा ढीग पसरतो.

पहिलं, नाशवंत माल बाजूला. सकाळी सहाचा हवामान अंदाज दुपारी दोनला पाठवून काय करणार? त्यानंतरचा अंदाज आलेला असतो, तोच पाठवायचा. स्थिती-अहवालांचंही तसंच. मात्र ऑपरेटरने स्वतःच्या अधिकारात संदेश मारायचा नसतो, हे पक्कं. पाठवणाऱ्याला विचारायचं: तुमचे अमुक अमुक दिनांक-वेळ गटांचे संदेश अजून गेलेले नाहीत, रद्द करता का? बरेच जण आनंदाने रद्द करतात. कुणी विचारेपर्यंत त्यांना आठवणही नसते.

दुसरं, वाट बदलणं. एकाच तळावर चाललेल्या पाच जहाजांचे संदेश एका गार्ड जहाजाकडे द्यायचे आणि त्याने जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर किंवा दिव्याने पुढे वाटायचे. दिव्याचं संदेशवहन आता जुनाट वाटतं, पण त्याने लांब पल्ल्याची वाहिनी मोकळी राहते आणि शत्रूला काही ऐकूही जात नाही. १८ एप्रिल १९४२ ला टोकियोवरच्या डूलिटलच्या मोहिमेत एंटरप्राइझ या विमानवाहू नौकेच्या वैमानिकाने शत्रूची गस्ती नौका दिसल्याचा निरोप पिशवीत घालून सरळ डेकवर टाकला होता. रुटीन कागद पुढच्या बंदरात टपालाने गेले तरी कुणाचं अडत नाही.

तिसरं आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे मिनिमाइझ. वरून आदेश निघतो की अमुक क्षेत्रात अमुक काळापर्यंत अत्यावश्यक सोडून काही पाठवू नका. त्या काळात संदेश पाठवायचा तर "मिनिमाइझचा विचार केला आहे" असं मजकुरात लिहावं लागतं आणि सोडणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव घालावं लागतं. नाव घालायची वेळ आली की लोक दोनदा विचार करतात. आवक १८ वरून १० वर आली तर लघुलहर यांच्या हिशोबातला १०८ चा ढीग ५४ तासांऐवजी ११ तासांत संपतो. बघा करून.

---

अनुस्वार

मिनिमाइझचा हिशोब केला, बरोबर येतोय. पण हे सगळं टेलिप्रिंटरच्या काळातलं. उपग्रह आल्यावर हा प्रश्न संपला असेल ना?

---

लघुलहर

कमी झाला, संपला नाही. अमेरिकी नौदलाचं उपग्रहावरून चालणारं पहिलं फ्लीट ब्रॉडकास्ट म्हणजे सेकंदाला ७५ बिटच्या सोळा उपवाहिन्या, एकत्र १२०० बिट. सेकंदाला ७५ बिट म्हणजे तोच मिनिटाला १०० शब्दांचा टेलिप्रिंटर. मोठा फायदा झाला तो वेगापेक्षा भरवशाचा. पहाट-संध्याकाळची फ्रीक्वेन्सीची धावपळ गेली, क्रमांक निसटणं घटलं, परत मागणं घटलं. शिवाय जहाजावरच्या संगणकाने प्रसारणातून आपले संदेश आपोआप निवडायला सुरुवात केली.

पण प्रत्येक प्रक्षेपणाची किंमत तिथेही आहे. ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात शेफिल्ड या विनाशिकेवर उपग्रह-टर्मिनल प्रक्षेपण करत असताना शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं यंत्र निष्प्रभ झालेलं होतं. त्याच सुमारास एक्झोसेट क्षेपणास्त्र आलं. २० जण मेले.

पाणबुडीसाठी तर काळ फारसा बदललेला नाही. पाण्याखाली थोड्या खोलीपर्यंत अतिनिम्न फ्रीक्वेन्सीच पोचते. ब्रिटनमधलं रग्बीचं केंद्र १९२६ पासून १६ किलोहर्ट्झवर चालायचं, आणि तमिळनाडूतलं आयएनएस कट्टबोम्मन १९९० पासून याच जातीचं काम करतं. तिथे वाहिनी मुळातच अरुंद आणि पाणबुडी कधी ऐकेल याची खात्री नाही, म्हणून एकच संदेश ठरावीक वेळांना पुन:पुन्हा प्रसारित करावा लागतो. चार वेळा पाठवायचा संदेश चार संदेशांची जागा खातो. त्यामुळे तिथे लिहिणाऱ्याला शब्द तोलूनच लिहावे लागतात.

---

ध्रुवदर्शक

पूर्ण धागा वाचला. सगळे पाठवणाऱ्या अधिकाऱ्यावर खापर फोडताहेत, त्याची बाजूही मांडतो.

त्याला रांग दिसत नाही. वाहिनीवर दहा संदेश आहेत की दोनशे, हे त्याला कुणी सांगत नाही. कमी दर्जाचा शिक्का मारून संदेश उशिरा पोचला तर जबाबदार तोच. वरचा शिक्का मारून दुसऱ्याचा उशीर झाला तर त्याला कळतही नाही. अशा स्थितीत वरचा शिक्का मारणं हा त्याच्या जागेवरून शहाणपणाचाच निर्णय आहे.

आणि खालचा शिक्काही जीव घेतो. ७ डिसेंबर १९४१ ला वॉशिंग्टनहून जनरल मार्शल यांचा इशारा निघाला. लष्कराची हवाईची रेडिओ वाहिनी वातावरणामुळे चालत नव्हती, म्हणून तो व्यापारी तारेने गेला. होनोलुलूत लिफाफ्यावर तातडीची कुठलीही खूण नव्हती. निरोप्याच्या नेहमीच्या फेरीतून तो लष्कराच्या कार्यालयात पोचला तेव्हा पर्ल हार्बरवरचा हल्ला होऊन गेला होता. हे ज्याने वाचलंय तो शिक्का मारताना हात आखडता का घेईल?

---

गणिती

ध्रुवदर्शक यांचं म्हणणं मला पटतं, आणि उपायही त्यातच आहे. त्याला रांग दिसत नाही, तर दाखवा. संदेश-केंद्राने दर पाळीला एवढंच कळवायचं: या वाहिनीवर आत्ता इमिजिएटला इतका वेळ लागतोय, प्रायॉरिटीला इतका. प्रायॉरिटी चाळीस मिनिटांत जातोय हे दिसलं तर कोण कशाला इमिजिएट मारेल? आणि प्रायॉरिटीला नऊ तास लागताहेत हे दिसलं तर निम्मे लोक मजकूर कापतील किंवा संदेश पाठवणारच नाहीत.

---

दर्यावर्दी

गणिती, चांगली केंद्रं हे तोंडी करतातच. संदेश आणून देणाऱ्याला खिडकीवरच सांगतात. लेखी, नियमाने व्हायला हवं याला माझा पूर्ण पाठिंबा.

ध्रुवदर्शक, तुमची तक्रार रास्त आहे, पण पाठवणाऱ्याच्या हातात एक साधन आहे आणि ते फार कमी लोक वापरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. दुहेरी अग्रक्रम. ज्याने कृती करायची त्याच्यासाठी एक दर्जा आणि ज्यांना नुसतं माहितीसाठी कळवायचं त्यांच्यासाठी दुसरा. कृती करणारं एक जहाज आणि माहितीसाठी चौदा कार्यालयं, असा संदेश मी कितीतरी वेळा पाहिला आहे. सगळ्यांना इमिजिएट. पंधरा ठिकाणी पंधरा ऑपरेटर हातातलं काम टाकून तो उतरवणार. तोच संदेश कृतीसाठी इमिजिएट आणि माहितीसाठी रुटीन असा लिहिला तर एकालाच धावपळ, बाकीचे चौदा रात्रपाळीत आरामात निघतात. लिहिणाऱ्याला एक अक्षर जास्त टंकावं लागतं, बस.

संगणकावरच्या नव्या लष्करी संदेश-पद्धतींत हीच सोय प्राथमिक आणि प्रत-अग्रक्रम अशा दोन रकान्यांत आहे. त्याच्या शेजारी संदेशाची मुदत लिहायचा रकानाही असतो: या वेळेनंतर हा निरुपयोगी. हवामान अंदाजावर ती मुदत भरली असेल तर कुणाला काही विचारावं लागत नाही. ती वेळ उलटली की रांग बघणाऱ्याला तो संदेश निर्धास्तपणे बाजूला काढता येतो. माझ्या पाहण्यात तो रकाना बहुतेक वेळा कोराच सोडलेला असतो. इथे कुणी सध्या संदेश लिहायच्या जागेवर असाल तर उद्यापासून तो भरायला लागा.

---

खलाशी_१

तळटीप, सावोबद्दल धन्यवाद. दर्यावर्दी, दुहेरी अग्रक्रम आणि मुदत या दोन्ही गोष्टी आजच कळल्या. माहितीसाठीच्या यादीत नावं कोण वाढवतं आणि ती कमी करायचा अधिकार कुणाकडे असतो, यावर सवडीने लिहाल का?

---

दर्यावर्दी

लिहितो. थोडक्यात उत्तर असं की नावं मसुदा करणारा वाढवतो, सही करणारा अधिकारी कमी करू शकतो आणि संदेश-केंद्र फक्त विचारू शकतं. सामूहिक पत्त्यांचे गट हा त्यातला मोठा भाग आहे, एका गटात किती ठिकाणं येतात हे मसुदा करणाऱ्याला अनेकदा माहीतच नसतं. त्यावर वेगळा धागा काढतो.